मालकचालकाची जोखीम : आठ दशकांचा मागोवा

१ जुलै १९४६ रोजी १९३९ च्या मोटार वाहन कायद्याचे आठवे प्रकरण अमलात आले आणि रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींसाठी तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला. मोटारीखाली सापडून कोणा अनोळखी पादचाऱ्याचा प्राण गेला, तर त्याच्या वारसांना मोटारमालकाच्या ऐपतीवर विसंबून राहावे लागू नये, हा त्यामागील हेतू उदात्त होता आणि त्याची न्याय्यता आजही कोणी नाकारणार नाही. मात्र तेव्हापासूनच्या या आठ दशकांकडे, स्वतःच्या नावावरचा एकुलता एक मालट्रक स्वतःच चालवणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहू लागलो, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. कायद्याने पादचाऱ्याची चिंता वाहिली, व्यापाऱ्याची वाहिली, पगारी नोकराची आणि हमालाचीही वाहिली. परंतु या सर्वांची जोखीम ज्याच्या गाडीवर चढली, त्या मालकचालकाची पाळी सर्वांत शेवटी आली, आणि तीही अर्धीमुर्धी.

१९५४ पासून जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातून डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने बनलेले ट्रक बाहेर पडू लागले, आणि पुढील काळात, दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून आयुष्य सुरू केलेल्या अनेकांनी हप्त्यांवर गाडी घेऊन स्वतंत्र धंदा मांडला. भाडे-खरेदीच्या त्या करारनाम्यान्वये शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडीची मालकी फायनान्सरकडे राही आणि हप्ते थकले की गाडी ओढून नेण्याची मुभा त्याला असे. या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी संसदेने १९७२ साली भाडे-खरेदी कायदा संमत केला; पण त्याची अंमलबजावणी कधी झालीच नाही, आणि २००५ साली तो कायदेपुस्तकातूनच काढून टाकण्यात आला. आजही कर्जाऊ गाडीच्या विमापॉलिसीवर फायनान्सरची नोंद असते; गाडी जळून खाक झाली, तर भरपाईची रक्कम आधी त्याच्या येण्यापोटी वळती होते आणि उरेल ते मालकाच्या पदरी पडते.

कामगार कायद्यांचा इतिहासही असाच बोलका आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास, विश्रांती आणि रजा यांच्या तरतुदी केल्या खऱ्या, पण त्या पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांनी उभारलेल्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला, आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाला मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार यांचा आधार लाभला. हे महाराष्ट्राच्या सामाजिक कायद्यांतील अभिमानास्पद पाऊल होय. परंतु हमालाने भरलेली तीच पोती रात्रभर गाडी चालवून परगावी पोचवणारा माणूस गाडीचा धनी ठरला, आणि केवळ तेवढ्या कारणाने या दोन्ही कायद्यांच्या छायेबाहेर राहिला.

हा भेद किती विलक्षण आहे, ते पाहायचे असेल तर ट्रकच्या केबिनमध्ये डोकवावे. नाशिकहून कांदा घेऊन निघालेल्या एखाद्या गाडीत तिघे बसले आहेत असे समजू: व्यापाऱ्याचा माणूस, क्लीनर, आणि स्टिअरिंगवर स्वतः मालक. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सक्तीच्या विम्याच्या कक्षेत आला. क्लीनर हा नोकर. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईचे दायित्व त्याच पॉलिसीत समाविष्ट होते. घाटात गाडी उलटून तिघेही दगावले, तर पहिल्या दोघांचे वारस विमाकंपनीकडे दाद मागू शकतात. मालकाचे वारस मात्र त्या सक्तीच्या विम्यातून काही मागू शकत नाहीत, कारण तो विमा मालकाच्या दुसऱ्यांप्रती असलेल्या दायित्वाचा असतो, आणि स्वतःचे दायित्व स्वतःशी कोणाला नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली धनराज खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही. पण तिघांमध्ये सर्वाधिक काळ जिवावर उदार होऊन बसणाराच तेवढा उघडा राहावा, हे मनाला पटत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफने मालकचालकाला वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा केला. ट्रकसाठी त्याची रक्कम होती २ लाख रुपये. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१७ मधील आदेशानंतर विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये ती १५ लाखांवर नेली आणि वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरवला. ही सुधारणा मोलाची होती, यात संशय नाही. तथापि तिच्या अटी बारकाईने वाचल्या पाहिजेत. गाडीच्या नोंदणीत नाव त्याचे हवे, पॉलिसीत त्याचेच हवे, आणि वैध लायसन्सही त्याचेच हवे. गाडी बायकोच्या नावावर असेल आणि चालवणारा नवरा असेल, तर हे संरक्षण त्याला लाभत नाही. मृत्यू वा दोन अवयव गमावल्यास पूर्ण रक्कम आणि एक हात, पाय वा डोळा गेल्यास निम्मी, असे कोष्टक आहे. परंतु मांडीचे हाड मोडून माणूस चार महिने अंथरुणाला खिळला, तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली कमाई यांना त्या कोष्टकात स्थान नाही. फायनान्सरचा हप्ता मात्र त्या चारही महिन्यांत चुकत नाही.

विम्याची ही स्थिती, तर भाड्याच्या कराराची त्याहून बिकट. १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट जवळजवळ दीडशे वर्षे या व्यवहाराचा आधार होता. १ मार्च २०११ पासून त्याची जागा २००७ च्या रस्ते माल वाहतूक कायद्याने घेतली. त्यान्वये माल पाठवणाऱ्याने वाढीव जोखमीचा दर देण्याचे आधी कबूल केलेले नसेल, तर वाहतूकदाराचे दायित्व भाड्याच्या दहापटीपुरते मर्यादित झाले, आणि नुकसानीची नोटीस देण्यास १८० दिवसांची मुदत मिळाली. हे सारे माल पाठवणारा आणि बिल्टी फाडणारी ट्रान्सपोर्ट कंपनी यांच्यातले. कंपनी आणि तिच्यासाठी गाडी लावणारा मालकचालक यांच्यातला व्यवहार पुष्कळदा एका भाडेचिठ्ठीवर उरकतो. डिझेलपुरता ॲडव्हान्स हाती पडतो आणि बाकीचे भाडे पोच परत आल्यावर द्यायचे ठरते. कळंबोलीत किंवा भिवंडीत गोदामासमोर गाडी दोन दिवस खाली झाली नाही, तर त्या खोळंब्याचे पैसे मिळतीलच असे नाही. चार पोती भिजली वा वजनात घट आली, तर ती रक्कम बॅलन्समधून परस्पर कापली जाते, आणि वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावर गोदामाच्या दारात वाद झडतो तो वेगळाच. गाडीवाल्या संघटनांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ असा आग्रह धरला, तो या अनुभवातूनच.

जुलै २०१८ मधील देशव्यापी चक्का जाममध्ये तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्याचा प्रश्न प्रमुख मागण्यांत होता. जून २०२२ पासून २० ते ४० टन वजनाच्या मालवाहू गाडीला तो ४३,९५० रुपये झाला. जानेवारी २०२४ च्या आरंभी, अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या नव्या फौजदारी कायद्यातील कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा महाराष्ट्रभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. ते कलम तूर्त अमलाबाहेर ठेवले गेले. समाजाला या वर्गाची आठवण त्याने गाडी थांबवल्यावरच व्हावी, हे या आठ दशकांचे सर्वांत खेदकारक फलित म्हणावे लागेल.

आणि तरीही वाट अज्ञात नाही. माथाडी मंडळांत मजुरीवर लेव्ही बसते आणि ती मालकवर्ग भरतो, हे तत्त्व महाराष्ट्राने अर्धशतकाहून अधिक काळ चालवून दाखवले आहे. तेच तत्त्व प्रत्येक बिल्टीला लावावे. माल पाठवणाऱ्याकडून भाड्याच्या प्रमाणात अल्पशी रक्कम घेऊन मालकचालकाचा दवाखाना आणि बुडालेली कमाई यांची तजवीज करावी. भाडेचिठ्ठीला सक्तीचा मराठी नमुना द्यावा, आणि बॅलन्सची मुदत, खोळंब्याचा दर व घटीच्या कपातीची मर्यादा त्यात छापलेली असावी. १९४६ साली परक्याच्या प्राणाचे मोल ओळखण्याइतके शहाणपण आपल्या कायद्याने दाखवले होते. ज्याच्या श्रमांवर बाजारपेठा भरतात, त्या माणसाच्या प्राणाचे मोल ओळखणे हे त्याच शहाणपणाचे पुढचे आणि आता आणखी लांबवता न येणारे पाऊल आहे.