कोंबड्यांचे जंत आणि आपले घर

शेगाव परिसरात अंगणात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. पावसाळा लागला की दवाखान्यात मायबहिणी हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोरांसाठी आणलेली जंताची गोळी उरली आहे, ती कोंबड्यांना चारली तर चालेल का?" माझे उत्तर असते, "नाही."

कारण साधे आहे. अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी दोन वर्षांवरील मुलांसाठी व मोठ्या माणसांसाठी असते. गावरान कोंबडीचे वजन असते दीड किलोच्या आसपास. गोळी अंदाजाने मोडून घातली तर एखादीच्या पोटात फार जाते, दुसरीला मिळतच नाही. मात्रा वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यानेच सांगावी. आधी ताजी विष्ठा तपासून घेतली तर उत्तम.

कोंबडीच्या आतड्यात मुख्यतः दोन प्रकारचे जंत असतात. गोल जंत पांढरट, दोऱ्यासारखा, बोटाएवढा लांब असतो. त्याची अंडी विष्ठेतून ओल्या मातीत पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्या कोंबडीला बाधण्याजोगी होतात. चपटा जंत मुंग्या, भुंगेरे खाल्ल्याने होतो. पाण्यातून देतात ते पायपरॅझिन गोल जंतावर चालते, चपट्यावर नाही. म्हणूनच "औषध दिले, पण गुण आला नाही" अशी तक्रार होते.

कोंबडी वाळते, तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, ही जंताची लक्षणे. मात्र मान वाकडी होऊन कोंबड्या पटापट मरू लागल्या तर ती मानमोडी असू शकते. तिथे जंताचे औषध व्यर्थ आहे. लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

कोंबडीचे हे जंत मुलांना होत नाहीत. मुलांच्या पोटातला गोल जंत वेगळा असतो. तो माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून, पाण्यातून आणि न धुतलेल्या भाजीतून येतो. तरीही खुराडे झाडल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण कोंबडीच्या विष्ठेतून जुलाबाचे जंतू येऊ शकतात.

औषध दिल्यावर किती दिवस अंडी व मांस खाऊ नये, हे बाटलीवर पाहावे किंवा विचारून घ्यावे. तेवढ्या दिवसांची अंडी घरात खाऊ नयेत, बाजारातही विकू नयेत. शिजवल्याने औषधाचा अंश निघून जातो असे समजू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जनावरांचे औषध खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत काढून फळीवर ठेवू नये. लहान मूल ते प्यायले तर ओकारी काढण्याच्या भानगडीत न पडता, बाटलीसह त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

मातीत पडलेली जंतांची अंडी औषधाने मरत नाहीत. खुराडे कोरडे ठेवावे, विष्ठा रोज काढावी, दाणे जमिनीवर न टाकता भांड्यात द्यावेत. एवढे केले तर औषधाची गरजही कमी पडेल.