बाबा बंदोबस्तावर, लेकरू घरी

बाबा जंगलात बंदोबस्ताला असताना घरच्या लहान लेकराच्या मनात काय चालतं, ते आज समजून घेऊ.

गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० पथक सुरू झालं. त्यातले बरेच जवान इथलेच, म्हणून त्यांची लेकरंही आपल्याच गावांतली. अभियानावर निघालेला माणूस कुठे आहे, कधी येईल, हे घरी सांगता येत नाही. फोनही लागत नाही. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला आणि १५ पोलीस व गाडीचा चालक गेले. तेव्हापासून साधी उशीर झाल्याची गोष्टही घराघरात धडकी भरवते.

दोन-तीन वर्षांच्या लेकराला बातमी कळत नाही, पण आईचा चेहरा कळतो. मग ते पदर सोडत नाही, रात्री दचकतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. हा हट्ट नाही, भीती आहे. मारल्याने ती वाढते.

मग करायचं काय? जेवण, अंघोळ, झोप रोजच्या वेळेवर ठेवा. रोजचा क्रम मोडला नाही की लेकराला आधार वाटतो. "बाबा बाजारात गेले" असं खोटं सांगू नका. "बाबा कामावर गेले, आपण वाट पाहू" एवढं पुरे. "उद्या येतील" असा शब्द देऊ नका. झोपताना फोटो दाखवून बाबांच्या गोष्टी सांगा. स्फोटाचे व्हिडिओ लेकरासमोर लावू नका.

बाबा घरी आले आणि लेकरू आजीमागे लपलं, तर बाबांनी मनाला लावून घेऊ नये. ओढून कडेवर घेऊ नये. जवळ बसून खेळावं, लेकरू आपणहून येईल.

आणखी एक. "जेव, नाहीतर पोलीस धरून नेईल" हे आपल्या तोंडी सहज येतं. ज्या गावात रोज बंदूकधारी माणसं दिसतात, तिथल्या लेकराला ते खरंच वाटतं. आणि पोलिसाच्या लेकराने आपल्या बापाबद्दल काय समजावं? हे बोलणं आजपासून बंद करू.

शेवटी आईचं. एकटीने घर, शेत, लेकरं आणि काळजी ओढणारी बाई चिडणारच. गटातल्या बायांनी आळीपाळीने तासभर तिचं लेकरू सांभाळावं, तिला झोपू द्यावं. लेकराचा त्रास काही आठवडे टिकला, तर अंगणवाडीताई किंवा आशाताईशी बोला. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे. तो आईसाठीही आहे.