शेपटीला हात लावण्याआधी

घरी बांधता येणाऱ्या बायप्लेनमध्ये माझं सगळ्यात लाडकं विमान म्हणजे पिट्स स्पेशल! अमेरिकेत कर्टिस पिट्स यांनी घडवलेलं हे विमान 1944 मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे त्याचे आराखडे घेऊन हौशी मंडळींनी ते आपापल्या गॅरेजमध्ये बांधलं.

असं विमान बांधताना शेपटीकडे काही बदल करावासा वाटला, तर आधी तिची रचना पाहा. मागच्या धडाचा भार पेलतो तो स्टीलच्या नळ्या वेल्ड करून केलेला सांगाडा. पाठीचा गोलवा मात्र नुसत्या पट्ट्या आणि कापडाचा, म्हणून तो बदलणं त्यामानाने सोपं. तरी त्याने रडरवरून जाणारी हवा बदलतेच.

शेपटीचं गणित कडक. तिथे एखादा किलो वाढला तरी गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि तो फार मागे गेला तर गिरकीतून विमान बाहेर काढणं अवघड होतं. रडर मोठा केलात तर फडफडीचा धोकाही तपासा.

आधी वजन करा, गुरुत्वमध्य काढा, जाणकाराला दाखवा. मगच नळीला करवत लावा.