परेडचा स्काऊट, मेळ्याचा स्काऊट

स्काऊट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा, हातात काठी आणि सव्वीस जानेवारीची परेड. सातपूरमध्ये बहुतेकांनी स्काऊट पाहिला तो ध्वजवंदनाच्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी स्कार्फ ट्रंकेत जातो आणि स्काऊटही. पण परेड हे स्काऊटचं मूळ काम नव्हे. आपल्या देशात तर तो वाढला परेडच्या मैदानापेक्षा यात्रेच्या गर्दीत. हे सातपूरकरांना मुद्दाम सांगायला हवं, कारण दर बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी त्र्यंबक रस्त्याने त्यांच्या दारावरूनच जाते.

आधी मूळ पुरुषाविषयी थोडं. रॉबर्ट बेडन-पॉवेल हा ब्रिटिश घोडदळातला अधिकारी. १८७६ साली तो पहिल्यांदा हिंदुस्थानात आला. पुढे १८९७ ते १८९९ मेरठला रेजिमेंटचा प्रमुख असताना त्याने शिपायांना टेहळणीचं खास शिक्षण द्यायला सुरुवात केली. स्काऊट या शब्दाचा अर्थच मुळी टेहळ्या. तुकडी लहान ठेवायची, माग काढायला शिकवायचं आणि हुकमाची वाट न पाहता स्वतः विचार करायला लावायचं, ही त्याची रीत. १९०७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर त्याने हीच रीत सुमारे वीस मुलांवर अजमावून पाहिली. त्यात बड्या घरच्या शाळांतली मुलं होती, तशी कामगारांचीही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हे एकत्र राहणंच मोठं नवल होतं. पुढच्या वर्षी त्याचं ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आलं आणि चळवळ जगभर पसरली.

हिंदुस्थानात पहिलं पथक १९०९ साली बंगळूरला निघालं, कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढलेलं. पाठोपाठ आपल्याकडे खडकी आणि लोणावळ्याला पथकं उभी राहिली. पण दार उघडं होतं ते फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना. सरकारला धास्ती अशी की माग काढायला, खुणांनी निरोप द्यायला शिकलेला हिंदी मुलगा उद्या क्रांतिकारक व्हायचा! म्हणजे कामगाराच्या मुलाला लॉर्डाच्या मुलाशेजारी बसवणारी ही चळवळ इथे आली आणि वर्णाच्या उंबरठ्याशी अडली.

बंद दाराशी आपली माणसं ताटकळत बसली नाहीत. १९१३ साली श्रीराम बाजपेयींनी शाहजहानपूरला मुलांचं स्वतंत्र पथक काढलं. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी खटपट केली. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासला १९१६ साली ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी संघटना उभारली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांची सेवा समिती स्काऊट संघटना आली. यातल्या ‘सेवा समिती’ या शब्दांकडे जरा लक्ष द्या.

१९१५ साली हरिद्वारला कुंभमेळा भरला. कुंझरू तिथे स्वयंसेवकांचं मोठं पथक घेऊन गेले होते. ते गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे या कथेत आपला पुण्याचाही धागा आहे. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी फिनिक्स आश्रमातल्या सोबत्यांसह मदतीला आले आणि या मंडळींनी शौचाच्या खड्ड्यांवर माती लोटण्याचं काम पत्करलं. गणवेश नाही, बिगुल नाही, हातात फावडं. दोन-तीन वर्षांनी कुंझरूंसारख्यांनीच मुलांची स्काऊट संघटना काढली, तेव्हा तिच्यापुढे नमुना होता तो हा. साहेबाच्या स्काऊटला जंगल होतं, आपल्या स्काऊटला मेळा मिळाला. हरवलेलं मूल शोधणं, म्हातारीला घाटावरून वर आणणं, पाणी पाजणं, जखम बांधणं. जंगलात माग काढण्यापेक्षा लाखांच्या गर्दीत एका माणसाचा माग काढणं सोपं आहे, असं कुणी म्हणू नये.

१९२१ साली बेडन-पॉवेल पुन्हा इथे आले. हिंदी मुलांना दार उघडलं, बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत मिसळली, सेवा समिती मात्र बाहेर राहिली. राजनिष्ठेच्या शपथेचा काटा होताच. मग १९३७ साली दिल्लीच्या जांबोरीनंतर या गृहस्थांनी हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी काही शेरे मारले. त्यात एक असा की यांच्या भाषेत ‘ऑनर’ला शब्दच नाही! मी कविता लिहितो, म्हणून इथे थोडा थांबतो. आपल्याकडे अब्रू आहे. तो फारसीतला शब्द, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. इज्जत आणि इभ्रत अरबीतून आल्या, शील संस्कृतातून, आणि पत बाजारपेठेतल्या वाण्यालाही ठाऊक. शब्दांचा दुष्काळ आमच्याकडे कधी नव्हता. तेव्हाच्या स्काऊट पुढाऱ्यांनाही ते झोंबलं. अनेकजण बाहेर पडले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट संघटना जन्माला आली.

स्वातंत्र्यानंतर या फाटाफुटी मिटवण्यासाठी पंडित नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी लक्ष घातलं. कुंझरू, बाजपेयी, बोस एका टेबलाशी बसले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही एकच संघटना झाली. मुलींच्या गाईड संघटनेने १९५१ साली त्यात प्रवेश केला. योगायोग पाहा, बरोबर ३२ वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९८२ रोजी, नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तोवर स्वतंत्र नगरपालिका असलेलं सातपूर शहरात सामील झालं.

तोवर सातपूर बदललं होतं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, गावठाणाभोवतालच्या शेतांत कारखाने आले. मायको आली, तीच आताची बॉश. हाउसिंग बोर्डाच्या एकेका जिन्यावर खानदेशी, नगरी, मराठवाड्यातलं आणि उत्तरेकडचं कुटुंब राहू लागलं. स्काऊटची रीत अशा वस्तीसाठीच जणू केलेली. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. तंबू उभारायचा तर सगळ्यांनी दोर ओढायचा, खिचडी करपली तर सगळ्यांनी करपलेलीच खायची. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते. वचनात ईश्वराप्रती कर्तव्य येतं, पण ज्याला ईश्वर म्हणायचं नसेल त्याला धर्म म्हणण्याची मुभा आहे. सातपूरमध्ये बौद्ध कुटुंबं पुष्कळ. त्यांच्या मुलांना ही मुभा फार मोलाची.

मीही अशाच एका कामगार वस्तीतल्या शाळेत स्काऊट होतो. सगळ्यांत अवघड गेलं ते डाव्या हाताचं हस्तांदोलन. आमच्या घरी डाव्या हाताने कुणाला पाण्याचा पेलाही द्यायचा नाही. सरांनी गोष्ट सांगितली, आफ्रिकेतल्या अशांटी लोकांत शूर योद्धा डाव्या हातातली ढाल खाली ठेवून तो हात पुढे करतो, कारण समोरच्यावर त्याचा भरवसा असतो. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे, पण सुंदर आहे. मी ती घरी अम्मीला ऐकवली. ती म्हणाली, “ढाल नीचे रख बेटा, मगर खाना सीधे हाथ से.”

‘खरी कमाई’ हा दुसरा धडा. इंग्लंडमध्ये १९४९ पासून ‘बॉब-ए-जॉब’ चालू झालं, त्याचाच हा भाऊबंद. दारोदार जायचं, वर्गणी मागायची नाही, काम मागायचं. सायकल पूस, दळण आण, अंगण झाड. कामगाराच्या पोराला घामाचा दाम घरीच कळत होता. नवल एवढंच की साहेबाचा मुलगाही बादली घेऊन आमच्या जिन्यावर यायचा. आता बऱ्याच शाळांत खरी कमाई म्हणजे आनंदमेळाव्यातला भेळेचा स्टॉल. भेळ चविष्ट असते, पण ती आईने केलेली असते. कमाई खरी कुणाची, ते मुलांना विचारून पाहा. तसंच पुरस्कारांचं. सोपान चढत राज्य पुरस्कारापर्यंत आणि पुढे राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जायचं, त्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांना माझा विरोध नाही. मात्र वही भरली आणि गाठ एकही मारता येत नाही, असा स्काऊट मला पटत नाही.

आता २०२६-२७चा सिंहस्थ. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले, हे आपण विसरलेलो नाही. गर्दी अडवणं पोलिसांचं काम आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला घाटावर उभं करू नये, हेही उघड आहे. घाटावर जावं ते संघटनेतल्या मोठ्या वयाच्या रोव्हर-रेंजरांनी. पण सातपूरच्या शाळांतले स्काऊट आणि गाईड आपल्याच रस्त्यावर, शिक्षकांच्या नजरेखाली, पाणी देऊ शकतात, वाट सांगू शकतात, चुकलेल्या आजीचं गाव आणि सोबत्याचं नाव कागदावर टिपून चौकीपर्यंत पोचवू शकतात. त्यांच्याजवळची साधनं परेडमधलीच आहेत. स्कार्फ त्रिकोणी असतो, कारण त्याची हात अडकवायची झोळी होते. आणि काठी? दोन मजबूत शर्टांची बटणं लावायची, दोन काठ्या बाह्यांमधून आरपार घालायच्या. त्यावर चक्कर आलेला माणूस आडवा निजवायचा आणि चौघांनी एकदम उचलायचं.