म्हातारपणी तुमचे कोण करणार?

लग्न न केलेल्या माणसाला वस्तीत हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो. कुणी धाकट्या भावंडांच्या शिक्षणापायी लग्न केले नाही, कुणी चळवळीपायी, कुणाला नकोच होते. कारण काहीही असो, प्रश्न टोचतो. तरी तो उडवून लावू नये. साठीनंतर त्याचे उत्तर आपणच, हातपाय चालत असताना तयार ठेवावे लागते.

एकट्या वृद्धाला मोठा धोका असतो तो दुखणे कुणाच्या लक्षातच न येण्याचा. उतारवयात आजार सरळ वाटेने येत नाही. हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही, विशेषतः शुगर असणाऱ्यांना. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा अंगातले पाणी कमी झाले की कधीकधी ताप न येताच माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो. आपण म्हणतो, ‘आजीला चळ लागला.’ तो आजार असतो, आणि वेळेत दवाखाना गाठला तर बऱ्याचदा बरा होतो. पण बोलण्यातला हा फरक रोज बोलणाऱ्यालाच कळणार. म्हणून सकाळी दार उघडले नाही तर कडी वाजवायची, एवढे शेजारणीशी ठरवून ठेवा. खोलीची एक किल्लीही तिच्याकडे असू द्या.

एकट्यासाठी कुठे चूल पेटवायची, म्हणून चहा-पावावर रात्र काढणारे पुष्कळ आहेत. वयाबरोबर स्नायू झिजतात, पाय लटपटतात, आणि रात्री संडासला जाताना पडून खुब्याचे हाड मोडते. रोज डाळ, अंडे, हरभरे, बोंबील यांतले काहीतरी पोटात गेले पाहिजे. अंथरुणातून उठताना थोडे बसून मगच उभे राहावे.

दुसरी भीती सहीची. ‘नातेवाईक आणा, मग ऑपरेशन’ असे बऱ्याच ठिकाणी ऐकवतात. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची स्वतःची लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयात ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईचा खटला निकाली निघाला. ती भुलीखाली असताना आईची परवानगी घेऊन तिचे गर्भाशय काढले होते. अशी परवानगी चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र जीवच धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत.

आणि शुद्धच परत येण्याची आशा नसेल तर? त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करता येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करायचे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासातल्या माणसाचे नाव त्यात लिहायचे. यात मरण मागणे नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर नुसत्या यंत्रांवर श्वास चालू ठेवायचा का, एवढेच आपण सांगतो. अंतिम निर्णय डॉक्टरांची मंडळे तपासून घेतात. वेदना कमी करण्याचे उपचार चालूच राहतात. मन बदलले तर कागदही बदलता येतो.

अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन काढले, ही कथा विनयात आहे. त्याचे कुणी करत नव्हते, कारण तो इतरांच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तेव्हा बुद्धांनी भिक्खूंना सांगितले की, इथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? प्रश्न तोच, फक्त विचारला सगळ्यांना.

विहारात एक वही ठेवता येईल. वस्तीत एकटे कोण राहते, औषधे कोणती, फोन कुणाला करायचा, इच्छापत्र कुठे ठेवले आहे, अंत्यविधी कसा हवा, हे त्या माणसालाच विचारून लिहावे. नेत्रदान करायचे असेल तर तेही लिहावे, कारण मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि त्यासाठी कुणीतरी नेत्रपेढीला लगेच कळवावे लागते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात असावी.