प्रोस्टेटचा कर्करोग : आतून दिलेले किरण कुणाला मानवतात?

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की घरात एकच घाई सुटते. मुलगा म्हणतो, उद्याच ऑपरेशन उरकून टाकू. शेजारचे म्हणतात, शेक घेतला की काम होतं. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र बहुतेकांच्या बाबतीत सावकाश वाढतो. आजार ग्रंथीच्या आतच असेल, तर निर्णयासाठी काही आठवडे हमखास मिळतात. ते आठवडे आपण वापरायला हवेत.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली छोटी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते, मागच्या बाजूला गुदाशय चिकटून असतो आणि लैंगिक ताठरता आणणाऱ्या नसा दोन्ही कडांनी जातात. कुठलाही उपचार निवडला तरी त्रास होतो तो याच तीन शेजाऱ्यांना. कोणत्या उपचारात कुणाला जास्त झळ पोचते, यावरच निवडीचा बराचसा भाग अवलंबून असतो.

आधी फाइलमधल्या तीन गोष्टी शोधा. पहिली पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचं प्रमाण. दुसरी ग्लीसन स्कोअर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात याचे गुण. 6 म्हणजे सौम्य, 7 मधला, 8 ते 10 आक्रमक. तिसरी, गाठ ग्रंथीच्या आत आहे की बाहेर गेली आहे. पीएसए 10 च्या आत, ग्लीसन 6 आणि गाठ लहान असेल, तर जोखीम कमी. पीएसए 20 च्या वर किंवा ग्लीसन 8 किंवा त्याहून जास्त असेल, तर जास्त. उरलेले मधले.

इथे एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ग्लीसन 7 दोन तऱ्हेचा असतो : 3+4 आणि 4+3. बेरीज एकच, पण दुसरा जास्त चिवट. रिपोर्टवर नुसता 7 लिहिला असेल, तर फोड विचारून घ्या.

पुढचा प्रश्न : उपचार आत्ताच हवा का? ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासात ग्रंथीपुरत्या कर्करोगाच्या 1,643 पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली : नुसती देखरेख, शस्त्रक्रिया आणि बाहेरून किरण. 15 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत सुमारे 3 टक्केच होते. देखरेखीच्या गटात आजार इतरत्र पसरण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी पुढे उपचार घेतलेच. तरीही कमी जोखमीच्या माणसाला ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करत थांबणं हा खरा पर्याय आहे. त्याला दुर्लक्ष म्हणू नये. या अभ्यासात आतून दिलेले किरण नव्हते, हेही ध्यानात असू द्या.

उपचार करायचं ठरलं, तर शस्त्रक्रियेत पूर्ण ग्रंथी काढतात. बाहेरून किरणोपचारात मोठ्या यंत्राखाली झोपवून रोज थोडा डोस देतात. पूर्वी यासाठी सात-आठ आठवडे लागत, आता चार आठवड्यांचा क्रम रूढ आहे आणि निवडक रुग्णांना पाच बैठकाही पुरतात.

आतून किरण, म्हणजे ब्रॅकीथेरपी, दोन तऱ्हांची. पहिलीत तांदळाच्या दाण्याएवढे, टायटॅनियमचं कवच असलेले किरणोत्सर्गी दाणे सुईने ग्रंथीत पेरतात आणि ते कायमचे तिथेच राहतात. बहुधा आयोडीन-125 वापरतात. त्याची ताकद दर 60 दिवसांनी निम्मी होते, म्हणून वर्षभरात ती जवळपास संपते. असे दाणे भाभा अणुसंशोधन केंद्राने आपल्या देशातही बनवले आहेत. दुसऱ्या तऱ्हेत इरिडियम-192 चा छोटा स्रोत काही मिनिटं आत जाऊन बाहेर येतो. मागे काही उरत नाही.

या दुसऱ्या तऱ्हेचा दिवस जवळून पाहू. कमरेखालची किंवा पूर्ण भूल देतात. गुदद्वारातून सोनोग्राफीची कांडी घालून ग्रंथी पडद्यावर आणतात. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेला छिद्रांची जाळी लावतात आणि तिच्यातून पंधरा-वीस पोकळ सुया ग्रंथीत बसवतात. मग संगणकावर आराखडा होतो : कुठल्या सुईत, कुठल्या जागी, किती सेकंद थांबायचं. लघवीच्या नळीजवळ कमी आणि गाठीजवळ जास्त. सगळे खोलीबाहेर गेल्यावर तारेच्या टोकाला असलेला स्रोत एकेका सुईत शिरतो, ठरल्या जागी थांबतो आणि परत यंत्रात जातो. सुया काढल्या की झालं.

हे ऐकून कुणालाही वाटेल, हेच करू. पण सर्वांत जास्त चूक इथेच होते. लघवीची धार आधीच अडखळत असेल, रात्री चार-पाचदा उठावं लागत असेल, ग्रंथी 60 मिलिलिटरच्या पुढे गेली असेल किंवा प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर आतून दिलेल्या किरणांनंतर त्रास वाढू शकतो. सूज येऊन लघवी तुंबते, कॅथेटर घालावा लागतो. आपल्याकडे पुरुष लघवीचा त्रास वयाच्या नावावर ढकलतात आणि डॉक्टरांसमोर बायको-मुलांच्या देखत बोलत नाहीत. कृपा करून बोला. लघवीच्या तक्रारींची गुणांची प्रश्नावली असते ती प्रामाणिकपणे भरा आणि लघवीच्या धारेची तपासणी मागा. ग्रंथी मोठी असेल तर काही महिने हार्मोन रोखणारी औषधं देऊन ती लहान करता येते.

मधल्या जोखमीत अनेकदा आणि जास्त जोखमीत सहसा एकट्या दाण्यांवर भागत नाही. बाहेरून किरण, आतून वाढीव डोस आणि टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं अशी जोडणी करतात. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात या वाढीव डोसामुळे पीएसए पुन्हा चढण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. मात्र लघवीचे गंभीर त्रास वाढले, आणि आयुष्यमानात स्पष्ट फरक दिसला नाही. माझ्या मते हे तिन्ही भाग एकत्र ऐकल्याशिवाय कुणी होकार देऊ नये.

त्रासांचं स्वरूप वेगळं असतं. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणं आणि ताठरता जाणं लगेच जाणवतं, पुढे काहींचं सुधारतं. किरणांनंतर सुरुवातीला जळजळ आणि घाई होते, ताठरता मात्र वर्षांगणिक हळूहळू उतरते. बाहेरून दिलेल्या किरणांत शौचाचे त्रास थोडे जास्त. आणखी एक : शस्त्रक्रियेनंतर आजार उलटला तर किरण देता येतात; किरणांनंतर ग्रंथी काढणं अवघड असतं.

म्हणून फाइल मूत्रविकारतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. इरिडियमचं यंत्र आपल्याकडे अनेक रुग्णालयांत असतं, पण मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. त्यामुळे यंत्र आहे का, एवढं विचारून भागत नाही. प्रोस्टेटसाठी ते इथे नियमित वापरतात का, हे विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच लिहून घ्या.

दाणे पेरले असतील तर पहिले दोन महिने नातवंडांना मांडीवर फार वेळ घेऊ नका आणि गरोदर सुनेपासून थोडं अंतर ठेवा. एकाच खोलीत वावरायला, जेवायला हरकत नाही. लघवीतून दाणा पडलाच, तर हाताने न उचलता चिमट्याने उचला आणि रुग्णालयाला कळवा.

शेवटचं पीएसएबद्दल. ग्रंथी काढली तर तो जवळजवळ शून्यावर यायला हवा. किरणांनंतर तो वर्षं लावून उतरतो आणि दाण्यांनंतर साधारण एक ते दोन वर्षांनी मध्येच थोडा चढून आपोआप खाली येतो. हा चढ पाहून अनेक घरं हादरतात, काही ठिकाणी नको ती औषधंही सुरू होतात. सर्वांत खालच्या आकड्याच्या वर तो 2 किंवा जास्त चढला, तर डॉक्टर आजार उलटल्याचा विचार करतात, आणि तेव्हाही आधी तपासणी पुन्हा करून पाहतात. प्रत्येक वेळी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत रक्त द्या आणि सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहीत जा.