वयाचा कागद

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस हंसूं येईल. पबच्या दारावर तरुणांना वयाचा पुरावा मागतात आणि दाखविलेला पुरावा पुष्कळदां नाकारतात, ही काय व्याख्यानाची गोष्ट झाली? पण लहानशा तक्रारीच्या पोटीं कधीं कधीं मोठा प्रश्न दडलेला असतो, आणि ही तक्रार तशांपैकींच आहे, असें मला वाटतें.

प्रथम तक्रारच ऐकून घेऊं. माझा एक भाचा नुकताच सव्वीस वर्षांचा झाला. मित्रांबरोबर तो शहरांतल्या एका पबमध्यें गेला असतां दारावरच्या माणसानें वयाचा पुरावा मागितला. भाच्यानें मोबाइलमध्यें काढून ठेवलेलें आधारकार्डाचें छायाचित्र दाखविलें. ‘फोटो चालणार नाहीं.’ मग कचेरीचें ओळखपत्र निघालें. ‘यावर जन्मतारीख नाहीं.’ शेवटीं मतदार-ओळखपत्र निघालें. त्यावरचा चेहरा मिसरूडहि न फुटलेल्या पोराचा. ‘हे तुम्हीच कशावरून?’ सगळी मंडळी परत फिरली. गंमत अशी कीं, पुढच्या आठवड्यांत दुसऱ्या एका पबमध्यें तेंच मोबाइलमधलें छायाचित्र बिनतक्रार चाललें. ‘मामा, माझें वय दर आठवड्याला बदलतें का?’ असें तो मला विचारीत होता.

त्याला उत्तर द्यावयाचें तर दारावरच्या माणसाची बाजूहि पाहिली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत मद्य पिण्यास परवाना लागतो. ‘परमिट रूम’ या नांवांतलें ‘परमिट’ तें हेंच. बियरसारख्या सौम्य मद्यास २१ वर्षें आणि इतर मद्यांस २५ वर्षें पुरीं असावीं लागतात. म्हणजे एकाच टेबलाभोंवतीं बसलेल्या तीन मित्रांपैकीं एकाला सर्व मोकळें, दुसऱ्याला बियरपुरतें मोकळें आणि तिसऱ्याला कांहींच नाहीं, असें होऊं शकतें. लहान वयाच्या माणसास मद्य दिलें तर मालकाचा परवाना धोक्यांत येतो. उलट खऱ्या सव्विशीच्या तरुणाला परत पाठविलें तर फार तर एक गिऱ्हाईक जातें. अशा स्थितींत संशय येतांच ‘नाहीं’ म्हणणें त्याला सोपें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत सर्व नागरिकांस दिलेलें असें सरकारी ओळखपत्रच नाहीं. तेथें मद्याची वयोमर्यादा १८ वर्षांची. पण पंचविशीच्या आंतला दिसणाऱ्या प्रत्येकाला पुरावा विचारण्याचा प्रघात पुष्कळ दुकानांनीं व पबांनीं पाडला आहे. पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना किंवा विशिष्ट चकाकती मुद्रा असलेलें वयाचें कार्ड, एवढेंच तेथें सामान्यतः मान्य होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या खिशांतला प्रत्येक कागद वेगळ्याच प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं तयार झालेला आहे. रेशनकार्ड सांगतें, या घरांत माणसें किती. पॅनकार्ड कर भरणाराची ओळख पटवितें. लायसन सांगतें, याला गाडी चालवितां येते. मतदार-ओळखपत्र सांगतें, याला मताचा हक्क आहे. आणि मतदानाचें वय १९८९ सालीं २१ वरून १८ वर आल्यामुळें नुसतें मतदार असणें हा एकविशीचा पुरावा होत नाहीं. जुन्या मतदार-ओळखपत्रांवर तर कित्येकदां जन्मतारीख नसे. ‘अमुक सालच्या १ जानेवारीस वय इतकें’ एवढेंच छापलेलें असे.

आणि आधारकार्ड? देशांतलें पहिलें आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या आदिवासी गांवीं देण्यांत आलें. ज्याच्याजवळ कसलाच कागद नाहीं, त्यालाहि स्वतःची ओळख पटवितां यावी, हा त्यामागचा एक हेतु होता. म्हणूनच जन्माचा दाखला नसलेल्या माणसाचें तोंडी सांगितलेलें किंवा अंदाजानें ठरविलेलें वय लिहून घेण्याची सोय त्यांत ठेवावी लागली. हा माणूस हाच आहे, एवढें तें कार्ड सांगतें. तो केव्हां जन्मला, हें तें ऐकून लिहितें. ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणांत मृताचें वय ठरवितांना आधारकार्डाऐवजीं शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली.

मग शाळेचा दाखला तरी निर्दोष असतो का? आपल्या ओळखीच्या वडीलधाऱ्यांना जन्मतारखा विचारून पहा. १ जून ही तारीख इतक्यांदां ऐकूं येईल कीं, त्या एका दिवशीं महाराष्ट्रांत घरोघर पाळणे हलले कीं काय, असें वाटावें. कारण साधें आहे. शाळा जूनमध्यें उघडे. आईबापांना तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हातांत आला कीं मूल शाळेच्या वयाचें झालें! मग प्रवेशास जुळेल असें साल आणि १ जून ही तारीख पटावर चढे. गुरुजींनीं यांत लबाडी केली नाहीं. मुलाला वर्गांत कसें घ्यावें, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पण तोच अंदाज पुढें दाखल्यावर, तेथून आधारकार्डावर, तेथून पासपोर्टावर गेला. प्रत्येक मुक्कामाला त्यावर नवा शिक्का बसला; माहिती मात्र गुरुजींच्या अंदाजाएवढीच राहिली.

पबच्या दारीं या गोंधळानें कोणाचें फारसें बिघडत नाहीं. अडलेला तरुण लिंबूसरबत पिऊन घरीं येतो. पण हाच गोंधळ ज्यांना खरोखर भोंवतो, अशीं माणसें पाहावयाचीं असतील तर शहर सोडून चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवरच्या जिवती तालुक्यांत गेलें पाहिजे. पबची चर्चा त्या बाजूला फारशी नाहीं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरांतहि २०१५ पासून २०२१ पर्यंत ती होती. पण पुरावा मागणारें दार तेथेंहि आहेच. तें तहसील कचेरीचें असतें.

माणिकगडच्या डोंगरांतल्या या प्रदेशांत गोंड आणि कोलाम हे जुने रहिवासी. मराठवाड्यांतून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास आलेलीं कुटुंबें मागाहून वसलीं. राजुऱ्याकडचा हा मुलूख पूर्वीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मुंबई राज्यांत आला. वर्धा नदीच्या अलीकडे, जुन्या मध्यप्रांतांतल्या चांदा जिल्ह्यांत, गांवचा कोतवाल जन्ममृत्यूंची नोंद ठेवीत असे, आणि ‘कोतवाल बुक’ या नांवाच्या त्या वह्या आजहि पुराव्याच्या कामीं येतात. पण ज्याचा मुलूखच एका राज्यांतून दुसऱ्यांत गेला, किंवा जो दुष्काळांत बिऱ्हाड पाठीवर घेऊन आला, त्यानें आपल्या जन्माची नोंद शोधावी कोठें?

त्यांतच सीमेवरच्या चौदा गांवांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा हीं दोन्ही राज्यें हक्क सांगत आलीं आहेत. तेथल्या कित्येक घरांत दोन राज्यांचीं दोन रेशनकार्डें आणि दोन मतदार-ओळखपत्रें सांपडतात. दोन कचेऱ्यांनीं निरनिराळ्या वेळीं विचारून लिहिलेलें वय एकमेकांशीं जुळलें नाहीं, तर माणूस किती वर्षांचा समजावयाचा?

अशा एकाद्या गुड्यावरची म्हातारी श्रावणबाळ योजनेचा अर्ज घेऊन येते, अशी कल्पना करा. ६५ वर्षें पुरीं झालेल्या निराधार वृद्धांस ही योजना दरमहा १५०० रुपये देते. म्हातारी म्हणते, ‘मोठ्या दुष्काळांत माझा थोरला मांडीवर होता.’ हा पुरावा खोटा नाहीं. थोडें गणित केलें तर तिची पासष्टी केव्हांच उलटली, हें त्यावरून निघतें. पण अर्जाच्या रकान्यांत दुष्काळ बसत नाहीं, आणि आधारकार्डावर नोंद करणाऱ्यानें १ जानेवारी व अंदाजाचें एक साल घातलेलें असतें. तें साल दहा वर्षांनीं चुकलें, तर तिचा घांस दहा वर्षें लांबतो. नियम येथें पुष्कळ उदार आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. जन्मनोंदीचा उतारा किंवा शाळेचा दाखला नसेल तर रेशनकार्डावरचें वा मतदारयादींतलें वय, अथवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखलाहि चालतो. पबच्या दारीं कुचकामी ठरणारें रेशनकार्ड येथें प्रमाण होतें! पण ही सवलत म्हातारीला सांगणारा कोणीतरी भेटला पाहिजे.

दुसरें उदाहरण मुलीचें. २००६ च्या कायद्याप्रमाणें लग्नास मुलीला १८ आणि मुलाला २१ वर्षें पुरीं असावीं लागतात. मांडवापर्यंत पोंचलेल्या अधिकाऱ्यानें लग्न थांबवावें कीं नाहीं, हें एका तारखेवर ठरतें. कागद नसेल तर हाडांच्या तपासणीवरून वयाचा अंदाज करतात. परंतु त्यांत दोन्ही बाजूंस दोन दोन वर्षांची चूक संभवते, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ मध्येंच नमूद केलेलें आहे. मुलगी सोळाची कीं अठराची, हाच जेथें प्रश्न, तेथें अशा अंदाजाचा आधार किती मिळणार?

तेव्हां उपाय एकच, आणि तो मुळाशीं आहे. १९६९ च्या कायद्यानें प्रत्येक जन्माची नोंद सक्तीची केली आहे. २१ दिवसांच्या आंत ती विनामूल्य होते. वर्ष उलटलें कीं दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. रुग्णालयांतल्या जन्माची खबर रुग्णालयानें द्यावयाची, घरांतल्या जन्माची घरच्या कर्त्या माणसानें. २०२३ सालच्या दुरुस्तीप्रमाणें १ ऑक्टोबर २०२३ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळा, लायसन, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा अनेक कामांसाठीं जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा राहील. त्या दिवशीं जन्मलेलें मूल २०४४ सालीं एकवीस वर्षांचें होईल. तेव्हां पबच्या दारावरचा वाद बहुतेक मिटलेला असेल.

पण या सुधारणेला दुसरी बाजूहि आहे. पुरावा एकच राहिला, म्हणजे तो ज्याच्याजवळ नाहीं त्याला पूर्वींच्या आडवाटाहि बंद झाल्या. गुरुजींचा अंदाज सदोष होता खरा, पण त्यानें पोराला शाळेंत घेतलें होतें. आतां सर्व भार जन्मानंतरच्या त्या पहिल्या २१ दिवसांवर पडला आहे, आणि डोंगरांतल्या गुड्यावर, पावसाळ्यांत, ते दिवस फार लवकर सरतात.

भाच्याला मी व्यवहाराचें तेवढें सांगितलें: अलीकडचें छायाचित्र व पुरी जन्मतारीख असलेलें मूळ लायसन किंवा पासपोर्ट जवळ ठेव. सरकारच्या डिजिलॉकरमधून उघडलेलें लायसन कायद्यानें मुळाइतकेंच प्रमाण आहे. मोबाइलमध्यें काढलेल्या नुसत्या फोटोला तो मान नाहीं.

आणि श्रोतेहो, आपणांसहि एक विनंती आहे. आपल्या घरीं कामाला येणाऱ्या बाईला नातवंड झालें, शेजारच्या बांधकामावर एकाद्या मजुराच्या झोंपडींत पाळणा हलला, तर बाळाला अंगडें-टोपडें अवश्य द्या. पण त्याबरोबर एवढें विचारा कीं, जन्माची नोंद केली का? केली नसेल तर कचेरीपर्यंत सोबत जा.